जीव घाबरा होतो तेव्हा

मराठीत श्वासाबद्दल बोलताना आपण शरीर आणि मन फारसे वेगळे काढत नाही. जिना चढल्यावर 'दम लागतो', संकटात 'दम धरायचा' असतो आणि श्वास पुरेनासा झाला की 'जीव घाबरा होतो'. इंग्रजीतल्या 'अँग्झायटी' या शब्दाचे मूळही 'गळा आवळणे' अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदात सापडते. भाषेने जे जोडून ठेवले, ते वैद्यकाने बराच काळ दोन खात्यांत विभागले. फुप्फुस छातीच्या डॉक्टरांकडे गेले आणि भीती मनाच्या डॉक्टरांकडे. पण फुप्फुसाचा जुनाट आजार असलेल्या माणसाच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी एकत्रच येतात. असे का होते आणि त्यावर काय करता येते, ते या लेखात पाहू.

उदाहरणासाठी आपण सीओपीडी हा आजार घेऊ. 'क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज' या लांबलचक नावाची ही आद्याक्षरे. मराठीत त्याला श्वसनमार्गातील दीर्घकालीन अडथळ्याचा आजार म्हणता येईल. वर्षानुवर्षे धूर किंवा धूळ श्वासावाटे आत गेल्याने श्वासनलिका सुजून अरुंद होतात. वायुकोशांच्या भिंती झिजतात आणि फुप्फुसांची लवचीकता कमी होते. दम्यामध्ये औषध घेतल्यावर नलिका पुष्कळदा पूर्ववत मोकळ्या होतात. सीओपीडीत तसे होत नाही. झालेली हानी बहुतांशी कायमची असते.

भारतात हा आजार किती जणांना आहे? 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार १९९० साली देशात सीओपीडीचे २.८१ कोटी रुग्ण होते आणि २०१६ साली ५.५३ कोटी. लोकसंख्या वाढली आणि माणसांचे आयुर्मान वाढले, याचाही या वाढीत वाटा आहे. हा फक्त विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार आहे, हा समज चुकीचा आहे. पुण्यातील डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'द लॅन्सेट'मध्ये लिहिलेल्या लेखात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले. लाकूड, गोवऱ्या आणि काटक्या यांचा चुलीतला धूर हे त्याचे एक मोठे कारण आहे. जिने जन्मात विडीला हात लावला नाही, अशा बाईलाही साठीत दम लागू लागतो आणि घरचे म्हणतात, "वय झालं आता."

या रुग्णांच्या मनाची अवस्था काय असते? 'एक्लिप्स' नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दोन हजारांहून अधिक सीओपीडी रुग्णांची पाहणी झाली. त्याचे मनःस्थितीविषयीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. नैराश्याची लक्षणे सीओपीडीच्या २६ टक्के रुग्णांत आढळली. धूम्रपान करणाऱ्या पण हा आजार नसलेल्या लोकांत हे प्रमाण १२ टक्के होते, तर धूम्रपान न करणाऱ्यांत ७ टक्के. याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. फुप्फुसातला अडथळा यंत्राने मोजला, तर त्या आकड्याचा नैराश्याशी फारच थोडा संबंध दिसला. थकवा आणि रोजच्या जगण्यावर आलेल्या मर्यादा यांच्याशी असलेला संबंध त्याहून स्पष्ट होता. म्हणजे फुप्फुस किती बिघडले आहे, एवढ्यावरून माणूस किती खचला आहे हे सांगता येत नाही. मग मधे काय घडते?

अडचण श्वास सोडण्याची

दम लागलेला रुग्ण सांगतो, "श्वास आत घेता येत नाही." खरी अडचण बहुधा उलटी असते. जुनी हवा पुरेशी बाहेर जात नाही, म्हणून नव्या हवेला जागा उरत नाही.

श्वास घेताना छाती फुगते, श्वासपटल खाली सरकते आणि फुप्फुसांबरोबर श्वासनलिकाही ताणल्या जाऊन रुंद होतात. श्वास सोडताना निरोगी फुप्फुसे ताणलेल्या रबरासारखी आपोआप आक्रसतात आणि हवा बाहेर पडते. सीओपीडीत ही लवचीकता कमी झालेली असते आणि अरुंद नलिका श्वास सोडतानाच मिटू पाहतात. त्यामुळे हवा हळूहळू बाहेर येते. ती किती हळू येते, हे स्पायरोमीटर या यंत्राने मोजतात. हे यंत्र इंग्लंडमधील जॉन हचिन्सन यांनी १८४० च्या दशकात प्रचारात आणले. छाती पूर्ण भरून जोराने श्वास सोडला, तर निरोगी प्रौढ माणसाची साधारण ७० ते ८० टक्के हवा पहिल्या सेकंदातच बाहेर पडते. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यावरही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली राहिले, तर सीओपीडीचे निदान करण्यास आधार मिळतो.

आता थोडे गणित करू. शांत बसलेला माणूस मिनिटाला समजा १२ वेळा श्वास घेतो. एका श्वासाला ५ सेकंद मिळतात आणि त्यातले सुमारे ३ सेकंद हवा सोडण्यासाठी असतात. तोच माणूस घाईने चालू लागला किंवा घाबरला आणि मिनिटाला ३० श्वास घेऊ लागला, तर एका श्वासाला २ सेकंदच उरतात. हवा सोडायला जेमतेम एक-सव्वा सेकंद मिळतो. निरोगी माणसाला तेवढा पुरतो. सीओपीडीच्या रुग्णाची हवा तेवढ्यात बाहेर पडत नाही. थोडी हवा आत राहते, तिच्यावर पुढचा श्वास येतो, आणखी थोडी राहते. छाती फुगलेल्या स्थितीतच अडकते. श्वासपटल सपाट होते आणि स्नायूंना ओढायला जागा राहत नाही.

हा अनुभव वर्गात थोडक्यात घेता येईल. (दमा, हृदयविकार किंवा दुसरा कोणताही आजार असलेल्यांनी हा प्रयोग करू नये, आणि अस्वस्थ वाटताच इतरांनीही थांबावे.) छाती पूर्ण भरून श्वास घ्या. त्यातला अगदी थोडा, साधारण पाव हिस्सा, सोडा आणि पुन्हा आत घ्या. असे चार-पाच वेळा करा. छातीत हवा भरपूर आहे, तरी श्वास पुरत नाही असे वाटते. एवढ्याशा वेळातही मनात एक प्रकारची बेचैनी येते. ती बेचैनी लक्षात ठेवा. आपली गोष्ट आता तेथूनच पुढे जाते.

वरच्या गणितातला दुसरा धडा असा की, श्वासाची गती वाढवणारी कोणतीही गोष्ट हवा अडकवते. चालणे हे जसे करते, तसेच घाबरणेही करते. म्हणजे भीतीने दम अधिक लागतो, हे नुसते 'वाटणे' नव्हे. छातीत प्रत्यक्ष हवा साठल्यामुळे ते होते.

श्वासाची आणि भीतीची तार

श्वासाचा ताल मेंदूच्या तळाशी, मस्तिष्क-स्तंभात ठरतो. १९९१ साली अमेरिकेतील जॅक फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा ताल निर्माण करणारा चेतापेशींचा छोटा पुंजका शोधून काढला. त्याला 'प्री-बॉट्झिंगर' असे विचित्र नाव आहे. शेजारच्या भागाला फेल्डमन यांनी एका परिषदेत टेबलावर असलेल्या जर्मन वाइनच्या बाटलीवरून 'बॉट्झिंगर' असे नाव दिले होते, त्यावरून हे आले. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात या पुंजक्यातल्या थोड्या पेशींचा एक गट वेगळा ओळखला. या पेशी श्वासाची खबर मेंदूला जागे व सावध ठेवणाऱ्या केंद्राकडे पोचवतात. त्या निकामी केल्यावर उंदरांचा श्वास चालूच राहिला, पण ते नेहमीपेक्षा बरेच शांत झाले. श्वासाकडून सावधपणाकडे जाणारी एक सरळ तार आहे, असे यावरून दिसते. जलद श्वास हा भीतीचा परिणाम असतो, हे आपल्याला माहीत होते. तो भीतीचे कारणही होऊ शकतो.

दुसरा पुरावा माणसांतला आहे. मेंदूतल्या 'अमिग्डला' या बदामाच्या आकाराच्या भागाचा भीतीशी जवळचा संबंध आहे. एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात दोन्ही बाजूंचा अमिग्डला नष्ट होतो. अशा एका स्त्रीचा अमेरिकेत अनेक वर्षे अभ्यास झाला. साप, कोळी, भयपट यांपैकी कशाचीच तिला भीती वाटत नसे. आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी तिला आणि तशाच आणखी दोघींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदाच हुंगायला दिली. २०१३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. तिघीही विलक्षण घाबरल्या. बाहेरच्या धोक्याची भीती ज्या वाटेने येते, ती वाट बंद असतानाही गुदमरण्याची भीती दुसऱ्या वाटेने आली.

श्वास थांबण्याची भीती ही आपल्या सर्वांत जुन्या भीतींपैकी एक आहे. ती शिकावी लागत नाही आणि धीराच्या चार शब्दांनी जातही नाही. म्हणून दम लागलेल्या माणसाला "उगाच घाबरू नका" असे म्हणणे व्यर्थ असते. तो उगाच घाबरलेला नसतो. त्याच्या मेंदूला धोक्याची घंटा ऐकू येत असते आणि ती वाजवणारी यंत्रणा त्याच्या इच्छेवर चालत नाही.

घंटा एकदा वाजली की मेंदू तिची आठवणही ठेवतो. ज्या जिन्यावर जीव घाबरा झाला, तो जिना पाहूनच छाती धडधडू लागते. २०१७ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सीओपीडीच्या रुग्णांना मेंदूच्या प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात झोपवून दम लागण्याच्या प्रसंगांची आठवण करून देणारे शब्द दाखवले. पाऊल उचलण्याआधी, नुसत्या शब्दांनीही भावनांशी संबंधित भाग कार्यरत झाले. श्वसन-पुनर्वसनाच्या उपचारानंतर (त्याबद्दल पुढे येईलच) या प्रतिसादात बदल झाला आणि त्या बदलाचा रुग्णांना जाणवणाऱ्या दमाशी व चिंतेशी संबंध आढळला.

बसून राहण्याचे वर्तुळ

चिंतेपासून नैराश्यापर्यंतची वाट बहुतेक घरांत सारखीच असते. दम लागतो म्हणून माणूस आधी बाजारात जाणे सोडतो. मग देवळात, पारावर, भिशीला किंवा भजनाला जाणे थांबते. चारचौघांत खोकला येतो, थुंकी पडते, त्याची लाज वाटते. पुढे अंघोळ आणि कपडे घालणे हीसुद्धा मोठी कामे होतात. आपण घरच्यांवर भार झालो, असे वाटू लागते. विडी ओढणाऱ्याला "केलं तसं भोग" असे ऐकावे लागते, आणि तो स्वतःही तेच स्वतःला ऐकवत असतो.

घरची माणसे हे सारे प्रेमापोटीच अधिक घट्ट करतात. "आई, तुम्ही उठू नका, मी पाणी देते." "आप्पा, तुम्ही बसा." पण न वापरलेले स्नायू झडतात. पायाचे स्नायू अशक्त झाले की तेवढ्याच चालण्याला अधिक ऑक्सिजन लागतो, श्वास अधिक जलद होतो, हवा अधिक अडकते आणि दम लवकर लागतो. फुप्फुस होते तेवढेच असते, पण दम वाढलेला असतो. रुग्णाला वाटते, आजार वाढला. तो आणखी बसतो. ज्या ज्या गोष्टींत आनंद होता त्या एकेक गळून पडल्यावर मनाला धरायला काही उरत नाही. फुप्फुसाचा आकडा आणि माणसाचे खचणे यांचा मेळ का बसत नाही, याचे उत्तर बरेचसे येथे आहे.

या नैराश्याची किंमत मोठी असते. खचलेला माणूस औषध वेळेवर घेत नाही, नीट जेवत नाही, विडी सोडण्याचा प्रयत्न सोडून देतो. हे अनेकदा लक्षातही येत नाही, कारण थकवा, झोप न लागणे, भूक मंदावणे ही लक्षणे दोन्ही आजारांत असतात आणि सगळी फुप्फुसाच्या खात्यावर मांडली जातात. अमेरिकेत हूस्टन येथे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, श्वसनाच्या जुनाट आजाराबरोबर नैराश्य किंवा चिंताविकाराचे निदान झालेल्या रुग्णांपैकी केवळ ३१ टक्क्यांवर त्यासाठी उपचार चालू होते.

वर्तुळ कोठे तोडायचे?

वर्तुळाचा एक फायदा असतो. ते कोठेही तोडले तरी तुटते. झिजलेले वायुकोश परत आणता येत नाहीत, पण इतर कड्या आपल्या हातात आहेत.

पहिली कडी म्हणजे बसून राहणे. पूर्वी अशा रुग्णांना विश्रांतीचाच सल्ला दिला जाई. १९६० च्या दशकात अमेरिकेत डेन्व्हर येथे टॉमस पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालणे, श्वासाचे शिक्षण आणि औषधे यांची एकत्र योजना आखली. आज तिला श्वसन-पुनर्वसन म्हणतात. साधारण दीड-दोन महिने, आठवड्यातून दोन-तीन वेळा, देखरेखीखाली चालण्याचा आणि हातापायांच्या स्नायूंचा व्यायाम, आणि जोडीला आजाराची माहिती, असे तिचे स्वरूप असते. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने अशा ६५ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. दम, थकवा आणि भावनिक स्थिती या तिन्हींत सुधारणा दिसली. फायदा इतका स्पष्ट होता की, पुनर्वसन व नेहमीचे उपचार यांची तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची गरज नाही, असे लेखकांनी लिहिले. विशेष म्हणजे या उपचाराने स्पायरोमीटरचा आकडा सुधारत नाही. फुप्फुस तेच राहते, तरी माणूस अधिक चालतो आणि कमी घाबरतो. 'थोडा दम लागला तरी मी मरत नाही', हे तो दररोज पायांनी शिकत असतो.

दुसरी कडी श्वासाची गती. गरम दुधावर फुंकर घालावी तसे ओठ करून सावकाश श्वास सोडायचा, घेण्यापेक्षा दुप्पट वेळ लावून. ओठांपाशी थोडा अडथळा आल्याने आतला दाब टिकतो, नलिका लवकर मिटत नाहीत आणि साठलेली हवा निघून जाते. पुढे वाकून कोपर मांडीवर किंवा टेबलावर टेकून बसल्यानेही श्वासाच्या स्नायूंना मदत होते.

तिसरी कडी मेंदूला मिळणाऱ्या खबरीची. केंब्रिज येथे ५० रुग्णांवर केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हातातल्या छोट्या पंख्याचा वारा पाच मिनिटे चेहऱ्यावर आणि पाच मिनिटे पायावर घेण्यास सांगितले. चेहऱ्यावरच्या वाऱ्याने दम कमी झाल्याचे रुग्णांनी नोंदवले. पंख्याने फुप्फुसात काहीच बदलत नाही. पण चेहऱ्याच्या त्वचेवरून मेंदूला जाणारी गारव्याची खबर 'हवा मिळते आहे' असे सांगत असावी. दम लागणे ही तहानेसारखी मेंदूत तयार होणारी जाणीव आहे, याचे हे साधे उदाहरण.

औषधांचे काय? नैराश्य किंवा चिंताविकार ठळक असेल, तर त्याचे उपचार इतरांप्रमाणेच या रुग्णांनाही मिळायला हवेत. पण केवळ दम कमी व्हावा म्हणून नैराश्यावरचे औषध देणे उपयोगी नाही. मिर्टाझापीन या औषधाची तशी चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली, तीत दम कमी झाला नाही, उलट त्रास अधिक झाले. शामक औषधे आणि झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नयेत. त्यांपैकी काही श्वासाचे नियंत्रणच मंद करतात. विचारांची सवय बदलण्याच्या संवादोपचाराविषयी निष्कर्ष संमिश्र आहेत. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे परिचारिकांनी तो दिला तेव्हा चिंता कमी झाली, तर नंतरच्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत तसा फायदा दिसला नाही.

शिक्षक काय करू शकतात?

श्वसन-पुनर्वसनाची केंद्रे आपल्याकडे मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. पण ओळखणे आणि पाठवणे, हे काम गावातही होऊ शकते, आणि घराघरांत पोचलेला माणूस म्हणजे शिक्षक. प्रत्येक वर्गात अशी मुले असतात, ज्यांच्या घरी आजी किंवा आजोबा खाटेवर बसून धापा टाकत असतात.

नैराश्य चाचपण्यासाठी डॉक्टर जगभर दोन प्रश्न वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश होते का? आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का? दुसरा प्रश्न येथे विशेष मोलाचा आहे. फुप्फुसाच्या आजाराने आजोबा नातवामागे धावू शकणार नाहीत. पण नातू जवळ येऊन बसल्यावरही त्यांना बरे वाटत नसेल, तर ते फुप्फुसामुळे नव्हे. अशा वेळी डॉक्टरांना दमाबरोबर हेही सांगायला हवे. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. मराठीतही बोलता येते. जगण्यात अर्थ नाही असे कोणी म्हणू लागले, तर वाट पाहू नये. त्याचप्रमाणे दम अचानक वाढणे, ओठ निळे पडणे, कफाचा रंग बदलून ताप येणे, गुंगी येणे, ही मनाची लक्षणे समजून घरी थांबू नये. लगेच रुग्णालय गाठावे.

श्वसनसंस्थेचा धडा शिकवताना विद्यार्थ्यांना घरच्यांसाठी एक काम देता येईल. डॉक्टरांना विचारून, घरच्या आजारी माणसाबरोबर रोज थोडे चालायचे. दारापासून तुळशीपर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. दम लागला की थांबायचे, फुंकर घातल्यासारखा श्वास सोडायचा, आणि दम ओसरला की पुन्हा चालायचे. किती पावले झाली, ते वहीत लिहायचे. "बसा" म्हणण्यापेक्षा "चला, मी बरोबर आहे" असे म्हणण्याचा उपयोग अधिक होतो, आणि त्याची शरीरशास्त्रीय कारणे आता त्या मुलालाही सांगता येतील.